सांगणाऱ्याचा तास

गुरुवारी सकाळी एडिनबरात लीथ बंदराकडे उतरणाऱ्या बावीस नंबरच्या बसमध्ये ऋचाने व्हॉइस मेसेजवर अंगठा टेकवला. इअरफोन जोडलेले आहेत अशी तिची पक्की समजूत होती. ते पर्समध्येच राहिले होते, आणि हे लक्षात येईपर्यंत विमलाकाकी बसभर बोलून मोकळी झाली होती. "ऋचा गो, पाऊस कधी हाय? शनवारी विहिरीत उतरायचा हाय. लवकर सांग." काकी फोनवर बोलायची ती पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तशी. बसमधली सगळी डोकी आपापल्या फोनमधून वर आली, समोरच्या म्हाताऱ्या बाईने घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं, आणि ऋचा "सॉरी, माय आंट," असं काहीतरी पुटपुटत खिडकीकडे वळली. कान गरम झाले होते. आधी तिला वाटलं, लाज वाटली म्हणून. पण दोन स्टॉप गेले तरी छातीतली धडधड थांबेना, तेव्हा तिला कळलं की ही लाज नव्हे. पाऊस कधी आहे, हा प्रश्न कोकणातल्या कुडवण्याच्या बौद्धवाडीतून तिच्या घरातल्या माणसाला अडतीस वर्षांत कुणी विचारलेला नव्हता.

अडतीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती आईच्या पोटात होती. गुहागरकडचा तो किनारा पावसाळ्यात इतका भिजतो की भिंतींना शेवाळ चढतं, आणि मे महिन्यात तिथल्या बायका हंडाभर पाण्यासाठी दोन डोंगर चढतात. वाडीची विहीर आजोबांच्या पिढीने स्वतः खणलेली, कारण गावच्या विहिरीत त्यांना पोहरा टाकू देत नव्हते. म्हणून ती नुसती विहीर नव्हती, आणि तिचा गाळ काढणं हे नुसतं काम नव्हतं. गाळ काढायचा तर पाणी तळाला गेल्यावर, म्हणजे पावसाच्या अगदी तोंडावर. पण वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, मोठी सर पडली की पाणी पऱ्यातून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातून, धावत येऊन विहिरीच्या अंगावर कोसळतं आणि वरची माती घसरते. त्यामुळे माणसं खाली असताना एकाने सड्यावर उभं राहून समुद्राकडे बघत राहायचं. त्या वर्षी ऋचाचे बाबा उभे होते. खालून कुणीतरी ओरडून विचारलं, आणि बाबांनी सांगितलं, अजून तासभर नाही येत. अर्ध्या तासात आला. दहा माणसं वर निघाली, अकरावे निघाले नाहीत. ते बाबांचे थोरले भाऊ, विमलाकाकीचा नवरा. काकी सत्तावीस वर्षांची होती आणि तिचा मुलगा भगवान दोन वर्षांचा. त्याच जूनमध्ये बाबा बायकोला घेऊन चेंबूरला आले ते परत गेले नाहीत.

हे सगळं ऋचाला बाविसाव्या वर्षी कळलं, तेही आईने मेथी निवडता निवडता सांगितलं म्हणून. पुण्याला हवामानशास्त्राला प्रवेश मिळाल्याची बातमी घेऊन ती नाचत घरी आली, तर आई म्हणाली, "त्यांना नुसतं सायन्स म्हण." तोपर्यंत बाबांचा तो एक विचित्रपणा म्हणून घरात धरून चालायचे. बाबा, छत्री नेऊ का, असं विचारलं की बाबा गॅलरीत जायचे, आभाळाकडे बघायचे, आत यायचे, खिडकी लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघ तूच." दहावीच्या पेपरला निघतानाही बघ तूच. मुलीचं नाव ठेवताना या माणसाने अर्थसुद्धा विचारला नव्हता, कानाला बरं वाटलं म्हणून ऋचा ठेवून दिलं होतं. इतर बाबतीत असा बिनधास्त गृहस्थ, पण आभाळाबद्दल चकार शब्द नाही. काकी दरवर्षी कुळथाचं पीठ पाठवायची. तिने कधी एका शब्दानेही बोल लावला नव्हता, आणि बाबांना तेच सोसत नव्हतं. मरायच्या आदल्या वर्षी त्यांनी फोनवर एकदाच विचारलं होतं, "तुमच्याकडे पाऊस चुकला तर काय होतं गं?" काही नाही बाबा, लोक शिव्या देतात, असं ती म्हणाली होती. "बरं आहे मग," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला होता.

ऑफिस बंदराजवळ, तिसऱ्या मजल्यावर. जहाजांना आणि विमा कंपन्यांना हवामान सांगायचं, असा धंदा. गेली बारा वर्षं ऋचा तिथे अरबी समुद्र सांभाळत होती, आणि काकीचा पाऊस तिला काही नवा नव्हता. सोमवारपासून तो तिच्याच पडद्यावर होता. लक्षद्वीपच्या वरच्या बाजूला ढगांचा एक सैलसर पुंजका जमला होता, हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधीच आलेला, अजून नावही न पडलेला. नाव पडण्याइतकी त्याची लायकी नव्हती. तुकडे व्हायचे, विरायचे, दुपारी पुन्हा उभे राहायचे. ऑफिसच्या पत्रकात त्याच्या वाट्याला एकच ओळ आली होती: पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत तीव्र होण्याची शक्यता वीस टक्के. पण ऋचाला तो आवडला होता, हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नसतं. समुद्र तापलेला, वर दहा-बारा किलोमीटरपर्यंत हवेत ओलावा ठासून भरलेला, आणि समोर सप्टेंबरपासून थेंब न पाहिलेला, भाजून निघालेला किनारा. इतकं पाणी कुणाच्याही हाताला न लागता हवेतून चाललं आहे, या गोष्टीचं तिला बारा वर्षांनंतरही नवल वाटायचं. चित्रं एकापाठोपाठ एक लावून बघितली की तो पुंजका स्वतःभोवती जरासा वळायचा, विरायचा आणि परत वळायचा. ती कौतुकाने बघत बसायची. आज मात्र त्या पुंजक्यासमोर बसताना तिने खुर्ची जरा मागे घेतली.

जेवणाच्या सुट्टीत ती खाली धक्क्यावर जाऊन उभी राहिली आणि फोन लावला.

"काकी, जयभीम. ऋचा बोलतेय."

"जयभीम गो. मिळाला ना निरोप? भगवानाने दाबून दिलान, मला ते जमत नाय. बोल, काय म्हनतोय पाऊस?"

ऋचाने सांगायला सुरुवात केली. समुद्रात एक कमी दाबाचं क्षेत्र आहे, ते वर सरकतंय, शनिवारी तुमच्या बाजूला मोठा पाऊस होण्याची शक्यता साधारण वीस टक्के. आपला आवाज ऑफिसातल्यासारखा येतोय हे तिला ऐकू येत होतं.

"वीस टक्के म्हंजे कसा? पडनार का नाय पडनार?"

"म्हणजे काकी, अशा पाच शनिवारांपैकी एका शनिवारी—"

"शनवार एकच हाय बाय. मुंबयची मानसं रव्वारी रात्री परत जातील, मग उतरनार कोन? गेल्या साली दरड आली त्याचा सगळा गाळ झऱ्याच्या तोंडावर बसलाय. टँकर आठ दिवसांनी येतो, कधी नाय पन येत. ह्या वर्षी तोंड मोकळा नाय केला तर झरा मेला, मग विहीर हाय काय नि नाय काय." धक्क्यावर एक सीगल कुणाच्या तरी सँडविचमागे लागला होता. "विहिरीत टक्के नाय उतरत गो, मानसं उतरतात. ते तुझ्याकडेच ठेव. मला इतकाच सांग, आला तर तू मला किती तास आधी सांगशील?"

बारा वर्षांत किती कप्तानांनी, किती विमावाल्यांनी ऋचाला प्रश्न विचारले होते, आणि झाडून सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, होईल की नाही होईल. पाऊस येणार की नाही हे तुला माहीत नसणार हे गृहीतच धरून, तुला काय नक्की माहीत असेल तेवढंच दे, असं कुणी म्हटलं नव्हतं. चौथी शिकलेली बाई तिला म्हणत होती, तुझ्या अज्ञानाचं माझं मी बघते. ऋचाचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी तिला भीतीही वाटली. कारण या प्रश्नाला उत्तर होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी उपग्रहाचं चित्र येत होतं. ढग किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आले की कळणारच होतं.

"तीन-साडेतीन तास," ती म्हणाली.

"नक्की?"

"तेवढं नक्की."

"मग झाला. विहिरीपाशी रेंज नाय. साडेअकराला मी सड्यावर येऊन उभी ऱ्हाते, तू एकदाच फोन कर. गुडघे धरलेत माझे, दोनदा नाय चढवनार. तू सांगशील त्याच्यावर मी काय ते ठरवीन."

"काकी, पण मी..." मी त्यांचीच मुलगी आहे, असं तिला म्हणायचं होतं.

"तू काय?"

"काही नाही. खाली कोण कोण उतरणार?"

"अकरा जनं. सगळ्यात खाली भगवान," काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

वर आल्यावर तिने शेजारच्या टेबलावरच्या मॉरॅगला हे सांगितलं. मॉरॅग रिटायरमेंटला आलेली, मच्छीमारांच्या घरातली, तोंडाने फटकळ. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अशी किती वर्षं ती बाई माणसं खाली उतरवतेय?" ऋचाने सांगितलं, नवरा गेल्यापासून, अडतीस. "आणि त्यानंतर किती मेली?" एकही नाही. मॉरॅगने चष्मा परत चढवला. "मग तू तिला शिकवायला जाऊ नकोस," ती म्हणाली. "जे विचारलंय तेवढंच दे." मग बराच वेळ आपल्या पडद्याकडे बघत ती स्वतःशीच हसत होती.

संजयचं म्हणणं वेगळं होतं. ऋचाचा नवरा पुण्याचा, एडिनबरातल्या एका फायनान्स कंपनीत रिस्कच्या टीममध्ये, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांना एक तक्ता असतो अशी त्याची श्रद्धा. शुक्रवारी संध्याकाळी भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता तो म्हणाला, "अगं, ट्वेंटी पर्सेंट म्हणजे लो कॅटेगरी. आमच्याकडे क्लायंटला बिनधास्त गो-अहेड देतात. तू उगाच स्ट्रेस घेतेयस."

"तुमच्याकडे क्लायंट विहिरीत उतरत नाही."

"हो, पण तुझ्यावर लीगली काहीच नाहीये ना. तू फक्त इन्फर्मेशन देतेयस, डिसिजन त्यांचं."

बाबांनीही फक्त इन्फर्मेशनच दिली होती, असं ऋचाच्या ओठांवर आलं. संजयला ही गोष्ट माहीत होती. लग्नाआधीच तिने सांगितली होती. पण ती त्याला माहीत होती ती कुणाच्या तरी गावची गोष्ट माहीत असावी तशी. तिने बाबांना कितीदा डोळ्यांसमोर आणून बघितलं होतं, पण नेहमी म्हातारे बाबा, पोट सुटलेले, गॅलरीतले. सड्यावर उभे असलेले बाबा चोवीस वर्षांचे होते, तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, हे तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोजलं. अंगावर बहुतेक बनियन असेल. समोर समुद्र, मागे विहीर, आणि खालून प्रश्न आलेला. माहीत नाही, असं सांगता आलं असतं. पण खाली राबणाऱ्या अकरा माणसांना वरून नुसतं माहीत नाही असं कसं सांगायचं? माणूस काहीतरी आकडा देतोच. देणं भागच असतं, कारण त्याला तिथे त्यासाठीच उभं केलेलं असतं. बारा वर्षांच्या नोकरीत तिने टक्क्यांच्या आड किती वेळा अंग चोरलं होतं, ते तिला आता दिसलं. संजय तिच्याकडे बघत होता. "चहा टाकू?" त्याने विचारलं, आणि टाकला.

शनिवारी ती पाचलाच उठली. एडिनबरात मे महिन्यात पाचला लख्ख उजाडलेलं असतं. ऑफिसची सिस्टिम घरून उघडत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिने उपग्रहाच्या चित्रांची सगळ्यांसाठी खुली असलेली साइट लावली. पुंजका रात्रीतून शहाणा झाला होता. विस्कटलेले तुकडे एकत्र येऊन किनाऱ्याला समांतर असा एक लांबलचक पट्टा तयार झाला होता, आणि त्याची गुहागरकडची कड फुगून पांढरीधोप झाली होती. ऋचा त्याच्याकडे बघत राहिली. इतकं नेटकं काम. कुठून कुठून जमवलेला ओलावा, कसलीही घाई नाही, आणि नेमका त्या विहिरीच्या रोखाने. ज्या पट्ट्याची आपल्याला भीती वाटतेय त्याचंच कौतुक करत आपण बसलोय, याचं तिला हसू आलं, आणि मग तिने गंभीरपणे मोजायला घेतलं. पाच चित्रं मागे, पाच चित्रं पुढे, कड किती सरकते ते. वेग निघाला, अंतर होतंच. पट्टा साडेदहाला किनाऱ्याला टेकणार होता. साडेदहा अधिक साडेपाच, चार. बारा वर्षं ती रोज ही बेरीज करत होती, झोपेतही केली असती. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा चारच आले. सातच्या ठोक्याला, म्हणजे तिकडे साडेअकराला, तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला काकीने उचलला. वाऱ्याचा आवाज येत होता, आणि काकीला दम लागलेला होता.

"काकी, येतोय. मोठा आहे."

"किती वाजता?"

ऋचाने डोळे मिटले. तिला कुणीतरी खालून ओरडून विचारतंय असं वाटलं. "चार वाजता," ती म्हणाली.

"चार."

"हो. चार."

"बरा. ठेवते," काकी म्हणाली आणि वारा बंद झाला.

त्यानंतर ऋचाला इतकं हलकं वाटलं की तिने पोहे केले. संजय उठला, दोघांनी खाल्ले, तिने आईला फोन करून काकीशी बोलणं झाल्याचं सांगितलं. आपण टक्के न सांगता वेळ सांगितली, एक आकडा, ठणठणीत, आणि जग काही कोसळलं नाही. बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं का? सांगितलं असतं. बाबा, असं सांगता येतं हो. आता येतं. आता वर चित्रं काढणारे डोळे आहेत. पट्टा तिच्या हिशेबाप्रमाणे आज्ञाधारकपणे सरकत होता, आणि ती अधूनमधून येऊन त्याला बघून जात होती.

दहाला दहा मिनिटं कमी असताना संजय चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभा राहिला. "भारी आहे गं. ही नऊ चाळीसची इमेज ना? म्हणजे दहा मिनिटांत इथे आपल्या किचनमध्ये."

"अं?"

"नऊ चाळीस. इथे कोपऱ्यात लिहिलंय. आत्ता नऊ पन्नास झालेत."

ऋचाने कोपऱ्यात बघितलं. नऊ चाळीस. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. नऊ पन्नास. ऑफिसात असं कधी होत नसे. ऑफिसातला पडदा भिंतीवरच्या घड्याळाच्या एक तास मागे चालायचा, कारण हवामानवाल्यांचं सगळं काम ग्रिनिचच्या वेळेने चालतं, आणि उन्हाळ्यात या देशातली घड्याळं ग्रिनिचच्या एक तास पुढे लावलेली असतात. ग्रिनिचच्या वेळेत साडेपाच मिळवले की भारतातली वेळ येते. इथल्या घड्याळात साडेचारच मिळवायचे असतात. घरी आईला फोन करताना साडेचार, ऑफिसात साडेपाच. दोन्ही बेरजा तिच्या अंगवळणी पडलेल्या, कधी एकमेकींच्या वाटेत न आलेल्या. आणि या साइटने सौजन्य म्हणून वेळ इथल्या घड्याळाने दाखवली होती. साडेदहा अधिक साडेचार.

"तीन," ती म्हणाली.

"काय तीन?"

"तीनला येणार आहे, संजय. मी चार सांगितलं."

तिकडे दोन वीस झाले होते. काकीचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. भगवानचा बाहेर. भगवानच्या बायकोचा, अर्चनाचा, बाहेर. रेंज नाय, असं काकीने सांगितलंच होतं, तरी ऋचा त्याच तीन नंबरांवर फिरत राहिली. संजय म्हणाला, गावात दुसरं कोणी? शेजारच्या वाडीतलं? दुकान, शाळा, कोणीही? तिच्याकडे चौथा नंबर नव्हता. अडतीस वर्षांत त्या गावातल्या चौथ्या माणसाशी त्यांच्या घरातलं कुणी बोललेलं नव्हतं. संजयने तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधून काढला, तो वाजत राहिला. मग उचलला, आणि पलीकडच्या माणसाने शांतपणे कुठून बोलताय ते विचारून घेतलं. एडिनबरा हे नाव त्याने दोनदा लिहून घेतलं असावं. बघतो म्हणाला. ऋचाला त्याचा राग आला नाही, तोही बिचारा कुठेतरी दूरच उभा होता.

दहा वाजले. दहा दहा. तिने लॅपटॉप मिटला आणि लगेच उघडला. तिला विहीर कशी आहे हे माहीत नव्हतं, तिने ती एकदाही पाहिलेली नव्हती. तरी तिला तिचा तळ दिसत होता, ओला, अंधारा, घमेली वर चाललेली, आणि सगळ्यात खाली पाठमोरा भगवान. अजून तास आहे, असं खाली एकमेकांना सांगत असतील. ऋचाने सांगितलंय, चार. चार म्हणजे चार. ती शिकलेली आहे, तिच्याकडे मशीन आहे. त्यांचा विश्वास तिला चटका बसावा तसा झोंबला. बाबांच्या शब्दात निदान वाऱ्याचा अंदाज होता, भाबडेपणा होता. तिची चूक कसली होती? साधी बेरीज. एखाद्या पोराचीही न चुकणारी. तिला आता कळलं की बाबा गॅलरीत जाऊन खिडकी का लावून घ्यायचे, आणि अडतीस वर्षं कुणी बोल लावला नाही तर माणसाचं काय होतं. साडेदहाला पट्टा किनाऱ्याला टेकला. इतका वेळेवर, की तिला त्याही अवस्थेत क्षणभर आपल्या मोजणीचा अभिमान वाटला आणि त्याची इतकी शरम वाटली की ती सिंकपाशी जाऊन उभी राहिली. संजयने तिच्या हातातून फोन काढून घेतला, आणि स्वतः तेच तीन नंबर फिरवत बसला.

दहा पंचावन्नला फोन वाजला. संजयने तो तिच्या हातात कोंबला.

"ऋचा!" भगवान ओरडत होता. मागे पाऊस पत्र्यावर इतका जोरात आपटत होता की आधी तिला फक्त तोच ऐकू आला. "अगो ऐक, ऐक कसा पडतोय!"

"भगवानदादा, तू कुठे आहेस?"

"शाळेच्या पडवीत, हितं रेंज येते. सगळी जनं हायत. दोन वाजताच आयेनं खनती थांबवलीन. मी म्हटला आये, दोन तास हायत अजून, तर ऐकते कुठे! शेवटी मी वर आलो पावणेतीनला. तीनला सुरू. आनि वीस मिन्टात पूर्वेची बाजू बसली गो विहिरीची, आपल्या डोळ्यांदेखत. आत कोन नव्हता. उद्या परत काढू ती माती, काय मोठी नाय. पन झरा मोकळा झाला! मनगटाएवढी धार लागली होती, मी हात घालून बघितला." मागून बायका-माणसांचा गलका आला, कुणीतरी तिचं नाव घेऊन काहीतरी ओरडलं, हसणं झालं. "हे सगळे म्हनतायत, ऋचाने लय बरोबर सांगितलान! थांब, आयेला देतो."

ऋचा जमिनीवरच बसली होती. पलीकडे फोन या हातातून त्या हातात जात होता, आणि तेवढ्या वेळात तिच्या मनात आलं की यातलं काहीच बोलायची गरज नाही. कुणाला कळलेलं नाही. सगळे वर आहेत, झरा वाहतोय, आणि वाडीत तिचं नाव घेऊन माणसं हसताहेत. बाबांच्या घराचं नाव. ते तसंच राहू द्यावं. एवढं तरी त्या घराला मिळू द्यावं.

"बोल गो," काकी म्हणाली.

"काकी, मी चुकले," ऋचा म्हणाली. "तीन सांगायला हवं होतं. मी चार सांगितलं. माझी बेरीज चुकली. एक तास चुकला माझा."

पाऊस पडत होता. काकी बहुधा पडवीच्या टोकाला गेली असावी, कारण गलका कमी झाला.

"व्हय," काकी म्हणाली. "तीनला आला तेवाच ध्यानात आला माझ्या."

"मग तुम्ही दोनलाच का थांबवलं?"

"मी दोन तास आधीच थांबवते. दर वर्षी. एक तास मानसं वर यायला लागतो, शिडी एकच हाय. आनि एक तास सांगनाऱ्याचा."

"सांगणाऱ्याचा म्हणजे?"

"सांगनारा पन मानूसच ना बाय. तो चुकनार. त्याला एक तास द्यायचा असतो आपन, मग तो चुकला तरी कोन मरत नाय." काकीने श्वास घेतला. "तुझ्या बापाला आमी नाय दिला तो. त्यानं म्हटलान तासभर नाय येत, तर आमी तासभर खनायला बसलो. चोवीस वर्सांचा पोर. चूक त्याची व्हती तेवडीच आमची व्हती."

ऋचाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला हे सांगायला चेंबूरला आले व्हते मी एकदा," काकी म्हणाली. "पावसाचा विषय काढला तर खिडकी लावून घेतलीन त्यानं. मग तो गेला. सांगायचा ऱ्हाऊनच गेला. पाऊस सांगनारी मानसं आता हितं पन हायत गो, फोनवर सगळा येतो. पन ह्या वर्षी म्हटला, नाय. तुलाच विचारायचा."